मोरी वाहिली!

आमचा भाचा दर पंधरा दिवसांनी रविवारी उस्मानपुऱ्याला आमच्याकडे येतो. मामाच्या ओढीने नव्हे. आमचा टीव्ही त्याच्या खोलीवरच्या टीव्हीपेक्षा मोठा आहे आणि मामीच्या हातचे पोहे त्याच्या डब्यापेक्षा बरे आहेत, ही दोन कारणं तो स्वतःच तोंडावर सांगतो. वाळूजला एका कारखान्यात नोकरीला आहे. आठवडाभर गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि सुटीच्या दिवशी परदेशातल्या गाड्या गोल गोल फिरताना पाहायच्या, असा त्याचा क्रम. हलवायाने सुटीच्या दिवशी दुसऱ्या हलवायाच्या दुकानासमोर जाऊन उभं राहावं, तसं हे.

"मामा, बोला. आज सेफ्टी कार येणार की नाही?"

"कुणाकडे?" मी विचारलं. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला उलटं जावं लागतं. तिथे कुठली कार येणार, ही मला काळजी.

मग त्याने मला समजावून सांगितलं. शर्यतीत कुठे अपघात झाला, रस्त्यावर गाडीचे तुकडे पडले किंवा पावसाने डोळ्यांपुढचं दिसेनासं झालं, की एक वेगळीच गाडी डोक्यावर दिवे लावून रस्त्यावर उतरते. बाकी सगळ्यांनी तिच्यामागे मुकाट्याने रांग लावायची. तिला ओलांडायचं नाही, एकमेकांना ओलांडायचं नाही. वरातीत बँडच्या पुढे नवऱ्याचा मामा चालतो आणि तो हलल्याशिवाय घोडाही हलत नाही, तसाच प्रकार. पण त्यात गंमत अशी, की ज्याने तासभर जिवाचं रान करून वीस सेकंदांची आघाडी घेतलेली असते, त्याची आघाडी त्या रांगेत वितळून जाते. आणि सगळे सावकाश चाललेले असताना जो चाकं बदलून घेतो, त्याचा वेळ फुकटात वाचतो. म्हणजे ही गाडी शर्यतीत नसते, पण शर्यत कुणाची हे पुष्कळदा तीच ठरवते.

म्हणून 'येणार की नाही' या प्रश्नाला भाव आला. भाचा आणि त्याचे मित्र मिसळीवर पैज लावतात. पण अमेरिकेत म्हणे याचे रीतसर बाजार आहेत. 'येणार' या नावाचा एक कागद विकत घ्यायचा. आली तर त्याचा एक डॉलर होतो, नाही आली तर रद्दी. आज तो कागद साठ सेंटला मिळत असेल, तर बाजाराच्या मते गाडी येण्याची शक्यता शंभरात साठ. ढग आले की भाव चढतो, ऊन पडलं की उतरतो.

"म्हणजे पायधुणीचा सट्टा!" मी म्हणालो.

"कुठली पायधुणी?"

आता काय बोलावं! या पोरांना मोनॅकोच्या रस्त्यावरची वळणं नावानिशी पाठ, आणि मुंबईतली पायधुणी माहीत नाही. मी माझी खुर्ची टीव्हीच्या आड सरकवली आणि शर्यत सुरू होईपर्यंत त्याला इतिहास ऐकवला. तोच इथे जरा सविस्तर सांगतो, कारण त्या दिवशी मला मध्येच गप्प करण्यात आलं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या पायधुणीकडे पावसाचा सट्टा चाले. 'बरसात का सट्टा' असंच त्याचं नाव. आता पाऊस पडणार की नाही यावर पैज लावायला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती पाऊस पडला म्हणजे काय, हे ठरवायला. चार थेंब हा पाऊस की नव्हे? समोरच्या गल्लीत पडला आणि आपल्या गल्लीत नाही, तर? धोतर भिजलं पण छत्री उघडावी लागली नाही, तर? असले प्रश्न पैसे मोकळे करायच्या वेळी निघाले की डोकी फुटतात. त्यावर त्या मंडळींनी शोधलेला तोडगा मला फार आवडतो. गच्चीवर वाळू घातलेली एक पेटी बांधायची. तिला बाहेर पाणी जायला तोंड, म्हणजे मोरी. ठरलेल्या वेळेच्या आत वाळू भिजून, पेटी भरून, मोरीतून पाणी वाहिलं तर पाऊस पडला. नाही वाहिलं तर, तुम्ही छपरावर ओलेचिंब होऊन शिंकत उभे असाल तरी, पाऊस पडला नाही! दुसऱ्या एका तऱ्हेत छपराची पन्हळ भरून वाहते का ते बघत. मोरी वाहिली की लाखाचे बारा हजार, नाही वाहिली की बारा हजारांचे लाख. वाळू किती घालायची, तोंड किती उंचीवर ठेवायचं, याचे नियम होते. हवामानखात्याने हेवा करावा अशी ही वेधशाळा, आणि तिचा खर्च सरकारवर नाही.

लोक गच्चीवर चढून ढग न्याहाळत आणि आभाळाच्या रंगाबरोबर भाव बदलत. आभाळ निरभ्र असताना 'वाहणार' म्हणणाऱ्याला एका रुपयाचे पुष्कळ मिळत. दर्यावरून काळं काही उठलं, की तेच रुपये आटत. भाच्याच्या अमेरिकन कागदाचा हिशेब हाच. फक्त त्यांना संगणक लागतो, यांना गच्ची पुरे.

सरकारला हे बघवेना. १८८७ साली मुंबई इलाख्यात जुगारबंदीचा कायदा आला आणि पोलिसांनी पावसाच्या सटोडियांना धरलं. प्रकरण हायकोर्टात गेलं. १८८९ साली हायकोर्टाने सांगितलं की, पावसावर पैज लावणं हे या कायद्यातल्या जुगाराच्या व्याख्येत बसत नाही. सरळच आहे! पत्ते हा खेळ, सोंगट्या हा खेळ. पाऊस हा कसला खेळ? त्याला ना डाव, ना भिडू, ना पिसणं. त्या दिवशी पायधुणीला पेढे वाटले गेले की नाही याची नोंद नाही, पण मी तिथे असतो तर वाटले असते. पुढच्याच वर्षी, १८९० साली, सरकारने कायदा दुरुस्त करून पावसालाही त्यात ओढलं. कलकत्त्यातही हा सट्टा जोरात होता. तिथे १८९७ साली बंदी आली.

याच सरकारने १८७२ च्या करार कायद्यात लिहून ठेवलं होतं की पैजेचा करार रद्दबातल. पण खाली एक अपवाद: घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला द्यायचं बक्षीस पाचशे रुपये किंवा जास्त असेल, तर त्यासाठी दिलेली वर्गणी चालेल. घोड्यावर साहेबाला बसता येतं. ढगावर बसता येत नाही, म्हणून ढग गुन्हेगार. बरं, चारशे नव्याण्णव रुपयांच्या बक्षिसाने नीती का बिघडावी आणि पाचशेच्या बक्षिसाने का सुधारावी, हे मला महसूल खात्यात तीस-बत्तीस वर्षं काढूनही उमगलेलं नाही. वास्तविक अशा आकड्यांवरच आमचं खातं चालतं.

आम्हा औरंगाबादकरांना अर्थात मुंबईचा तो कायदा लागू नव्हता. १९४८ पर्यंत आमच्यावर निजामाचं राज्य. (गाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे, २०२३ पासून. पण १८९० चं बोलताना जीभ जुन्या नावावर जाते.) आमच्याकडे पावसाचा सट्टा कधी चालल्याचं मी ऐकलं नाही. तसं बघितलं तर मराठवाड्यात जूनमध्ये जो तिफण बाहेर काढतो, तो सट्टाच खेळतो. त्याला वेगळी गच्ची कशाला हवी! आमच्या घरात मात्र पैज चाले ती नळावर. पाणी कित्येक दिवसांनी यायचं. 'आज येणार', 'उद्या येणार' यावर आमची ही आणि शेजारच्या वहिनी चहाची पैज लावत, आणि बादली भरली तरच पाणी आलं असं धरत. नुसती सूं सूं हवा आली तर ते पाणी नव्हे. पायधुणीच्या मंडळींना हा नियम मान्य झाला असता.

पावसाच्या सट्ट्याचा एक मोठेपणा माझ्या मते कुणी नीट सांगितलेला नाही. त्यात लबाडी करायला जागा फार थोडी. मोरीत कुणी तांब्याभर पाणी ओतलं तर दहा जण बघायला उभे. आणि पाऊस? त्याला कोण वश करणार? बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडून दुसऱ्या दिवशी पावसापाण्याचं भाकीत सांगतात. सुमारे तीनशे वर्षांची परंपरा म्हणतात. पण तिथेही भाकीतच सांगतात. 'पाऊस आम्ही पाडतो' असं कुणी म्हणत नाही.

भावावरच्या पैजेचं तसं नाही. त्याच्याही आधी मुंबईच्या व्यापाऱ्यांत अफूवर पैजा लागत. कलकत्त्यात सरकार पाटण्याच्या अफूचा लिलाव करी, आणि मुंबईत बसून तिथे सरासरी भाव काय निघेल यावर हजारो रुपये लागत. त्यातलं एक भांडण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १८४८ साली कौन्सिलने निकाल दिला की अशी पैज कोर्टात वसूल करता येते. मग त्याच वर्षी इकडे कायदा करून ती वाट बुजवली. पण अडचण बघा: लिलाव माणसं करतात. ज्याने 'भाव चढणार' म्हणून पैसे लावलेत, त्याला कलकत्त्याला माणूस पाठवून बोली चढवायला कोण अडवणार? ढग त्याचं ऐकत नाही, दलाल ऐकतो.

म्हणूनच पुढे मुंबईकरांनी आकडा शोधला तो साता समुद्रापलीकडचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला येत, आणि त्यांतल्या आकड्यांवर जुगार चाले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे आपल्याकडचे शब्द तिथले. पानाच्या ठेल्यावर उभा राहून 'ओपन काय लागला?' विचारणारा माणूस नकळत न्यूयॉर्कच्या सरकीची चौकशी करत होता. १९६० नंतर ते आकडे यायचे बंद झाले, तेव्हा १९६२ साली कल्याणजी भगतांनी वरळीला चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली आणि १९६४ साली रतन खत्रींनी आपला वेगळा मटका काढला. मडकं गेलं, पत्ते आले, तरी नाव मटकाच राहिलं. रात्री नऊला ओपन, बाराला क्लोज. आमच्या पीरबाजाराच्या बाजूलाही तेव्हा बाराच्या आकड्यासाठी जागे राहणारे लोक मी पाहिलेत. दिवसा त्यांना स्वतःच्या मुलाची इयत्ता आठवत नसे, पण मागच्या महिन्यातली जोडी आठवे.

मटक्यात आणि पावसात फरक एवढाच पडला, की मटक्यात आकडा काढणारा हात माणसाचा. लोक त्या हातावर विश्वास ठेवून पैसे लावत. सज्जनांच्या बाजारात पावती लागते, या बाजारात चिठ्ठी पुरे. असो.

इथे मला भाच्याच्या गाडीकडे परत यायला हवं. कारण त्याचं म्हणणं असं, की सेफ्टी कार म्हणजे पावसासारखीच, कुणाच्या हातात नाही. मी म्हटलं, बाबा रे, मोरी आपोआप वाहते. ही गाडी कुणीतरी 'जा' म्हटल्यावर जाते. शर्यतीचा एक अधिकारी असतो, तो निर्णय घेतो. म्हणजे ही पैज अपघातावर नाही, साहेबाच्या मनावर आहे!

आणि मन म्हटलं की गोंधळ आला. या प्रकाराची सुरुवातच पाहा. १९७३ साली कॅनडात मोस्पोर्टला फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदा अशी गाडी उतरवली, एक पिवळी पोर्शे. एपी विट्झेस नावाचा ड्रायव्हर ती चालवत होता. तिने सगळ्यांच्या पुढे असलेल्याला सोडून भलत्यालाच आपल्यामागे घेतलं. त्यामुळे काही जणांना आयती एक फेरी मिळाली. फेऱ्या मोजायच्या हाताने. शर्यत संपली, तरी जिंकलं कोण हे कुणाला कळेना! कागद जुळवण्यात तास गेले, तेव्हा पीटर रेव्हसनचं नाव जाहीर झालं. लग्न लागल्यावर नवरदेव कोणता यावर चर्चा करावी, तसं. पुढे वीस वर्षं ही गाडी क्वचितच दिसली. १९९३ पासून ती नियमाने आली, आणि २००० पासून बेर्न्ड मायलेंडर नावाचे गृहस्थ ती चालवतात. सगळ्यांच्या पुढे इतकी वर्षं आणि एकही शर्यत जिंकलेले नाहीत. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. सरकारी नोकरीत अशी माणसं मी पाहिली आहेत.

पण खरी गोष्ट २००८ ची. सिंगापूरला रात्रीच्या दिव्यांत शर्यत होती. रेनो संघाचा फर्नांडो अलोन्सो पंधराव्या जागेवरून निघाला. त्याने लवकरच आत येऊन इंधन भरून घेतलं. त्यानंतर एक-दोन फेऱ्यांतच त्याच संघातल्या नेल्सन पिके धाकट्याने आपली गाडी भिंतीवर घातली. सेफ्टी कार आली, सगळे एकत्र आले, बाकीच्यांना आत जावं लागलं आणि अलोन्सो जिंकला. वर्षभराने उघडकीला आलं की गाडी भिंतीवर लागली नव्हती, लावली होती. संघाच्या दोघा बड्या अधिकाऱ्यांना जावं लागलं. त्या रात्री आघाडीवर असलेला फेलिपे मासा गडबडीत मागे पडला, आणि त्या साली त्याचं जगज्जेतेपद एका गुणाने हुकलं. हे पैजेसाठी झालं नव्हतं, हे खरं. पण मोरीत तांब्या ओतता येतो, आणि तोही हजारोंच्या देखत, हे तिथे सिद्ध झालं. शिवाय तांब्या ओतताना माणूस मरू शकतो.

मग २०२१ सालचं अबुधाबी. वर्षाची शेवटची शर्यत, दोघांचे गुण सारखे. लुईस हॅमिल्टन पुढे, मॅक्स वेरस्टॅपन मागे. थोड्या फेऱ्या उरल्या असताना एक गाडी भिंतीला लागली, सेफ्टी कार आली. मधल्या मागे पडलेल्या गाड्यांना पुढे सोडायचं की नाही? अधिकारी मायकेल मासी यांनी त्यांतल्या पाचच सोडल्या, नेमक्या त्या दोघांमधल्या, आणि शेवटच्या फेरीला शर्यत मोकळी केली. वेरस्टॅपनची चाकं नवी, हॅमिल्टनची जुनी. जगज्जेता बदलला. मासी यांना पुढच्या वर्षी ती जागा सोडावी लागली.

यावर भाच्याने मला विचारलं, "मामा, पण नियमात काय लिहिलंय ते महत्त्वाचं ना? म्हणजे खरी गाडी आली तरच 'हो'. नुसती व्हर्च्युअल आली तर 'नाही'."

ही आणखी एक तऱ्हा. २०१४ साली जपानमध्ये सुझुकाला ज्यूल बियांकी याची गाडी, दुसरी गाडी उचलायला आलेल्या क्रेनवर आदळली. पुढच्या वर्षी तो गेला. त्यानंतर २०१५ पासून नियम आला की गाडी न उतरवताच सगळ्यांनी वेग कमी करायचा. त्याला व्हर्च्युअल सेफ्टी कार म्हणतात, म्हणजे न आलेली सेफ्टी कार. आता बाजारात वाद: न आलेली गाडी आली असं धरायचं का? त्या नियमामागे पंचविशीतला एक पोरगा गेला आहे, हे त्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं.

आणि हे मला खटकतं. पैज लावली की बघणाऱ्याची नजर फिरते. आमचा भाचा स्वभावाने मऊ आहे, मुंगीलाही वळसा घालून जातो. पण त्या दिवशी मिसळ 'येणार'वर लावलेली होती. शर्यत संपत आली तरी गाड्या नीट चालल्या होत्या आणि हा चेहरा पाडून बसला होता. एक गाडी घसरली तसा उठून उभा राहिला. ती सावरली, तसा 'शिट्' म्हणाला. मामीने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं रे, लागलं का कुणाला?" म्हणाला, "नाही ना!"

आपल्याकडे 'हो की नाही' विचारून पैसे घेणारी ॲपं होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ती मिटली. १८९० ची आवृत्ती दुसरी. पण मला विचाराल तर पैज आणि विमा यांत फरक यंत्राचा नाही, मोरी दोन्हीकडे तीच. आमच्या भागात मोसंबीला हवामानावर आधारित विमा असतो. ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या यंत्रात ठरलेला आकडा आला तर पैसे. पायधुणीच्या माणसाचं छपराखाली काही भिजत नव्हतं. मोसंबीवाल्याची बाग त्या ढगाखाली असते, एवढंच.

माझ्या नोकरीच्या काळात पावसाचं पात्र माझ्याकडे असायचं. चोवीस तासांत मंडळात पासष्ट मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. चौसष्ट झाला तर नुसता पाऊस. एका तालुक्याच्या गावी होतो, तेव्हा रात्रभर कोसळला. सकाळी साडेआठला नोंद घ्यायला गेलो, तर एक शेतकरी माझ्याआधी पात्राशी उभा. दुधाच्या गाडीने आला होता. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचं.

"साहेब, कपाशी आडवी झाली. बांध फुटला," म्हणाला. "आता तुम्ही मोजा."

मापाचा ग्लास वीस मिलिमीटरचा. मी पहिला भरला, ओतला. "वीस," तो म्हणाला. दुसरा. "चाळीस." तिसरा भरून ओतला. "साठ." त्याने टोपी काढून हातात घेतली. उरलेलं पाणी ग्लासात ओतलं, पात्र उलटं करून तळाला टिचकी मारली. तळाशी जरासं चढलं.

"एकसष्ट," मी म्हणालो.

त्याने ग्लास माझ्या हातून घेतला, उजेडात डोळ्यांपाशी धरला आणि रेघा बोटाने मोजल्या. दोनदा मोजल्या. मग ते पाणी सांडू न देता ग्लास मला परत दिला.

"बरोबर हाय," म्हणाला, आणि टोपी घालून स्टँडकडे गेला.